अकरा सुपाऱ्यांनी मिळालेली चावी

“थांबा! हॉलची चावी देऊ नका हिला!” थोरले काका ओरडले आणि पुढे केलेला माझा हात तसाच राहिला. कडेवरची लेक दचकून रडायला लागली.

आमच्या झाशीतल्या मराठी समाजाच्या हॉलचा व्यवस्थापक असाच निवडतात. जो उभा राहील त्याची वाटी देवापुढे ठेवायची, एका घराची एक सुपारी, ज्याच्या वाटीत सगळ्यात जास्त तो जिंकला. बस. माझ्यासारख्या आठवी शिकलेलीलाही लगेच कळतं.

हॉलच्या पुढच्या खोलीत बालवाडी भरते. लेकीला तिथं सोडते म्हणून तर मला शिवणाच्या दुकानात कामाला जाता येतं. ती खोली थोरल्या काकांना टेंटवाल्याला द्यायची होती, त्याच्या खुर्च्या ठेवायला. त्यांच्या धाकट्या भावालाही तेच हवं होतं. मग दोघंही का उभे राहिले? व्यवस्थापकाला गणपतीची पहिली आरती मिळते ना! एकही मागे हटेना. इकडे बालवाडीच्या बाजूनं कोणी उभंच राहीना, म्हणून बायकांनी मला पुढे ढकललं.

माझ्या वाटीत अकरा निघाल्या. थोरल्यांच्या नऊ, धाकट्यांच्या आठ.

“नऊ न् आठ सतरा!” थोरले काका म्हणाले. “सतरा घरांना ही नकोय!”

धाकटे काका लगेच त्यांच्या शेजारी जाऊन उभे. इतके दिवस दोघं एकमेकांशी बोलतसुद्धा नव्हते. “दादा बरोबर बोलतोय. मी बसतो खाली. फिरून टाका सुपाऱ्या.”

“आत्ता बसतोस होय?” चावी आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आजोबांकडे होती, ते हसले. “सकाळी बसायचं होतंस. तेव्हा आरती सुटत नव्हती!” सगळा हॉल खिदळला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बोल बेटा, घेतेस चावी, की पुन्हा टाकायच्या?”

काका खोटं थोडंच बोलत होते? सतरा म्हणजे जास्तच की. पण फिरून टाकल्या की खोली गेली, मग लेकीला कुठं ठेवू? एका दमात बोलून टाकलं, “काका, मागच्या खेपेला तुम्ही पण असेच जिंकलात ना, तेव्हाही तिघं उभे होते, अर्ध्याहून कमीच होत्या तुमच्या वाटीत, तेव्हा कुठं कोणी फिरून टाकल्या? नियम तोच आहे जी!”

आजोबांनी चावी पुढे केली. मी चावी घेतली, आणि मागे बायकांनी काय टाळ्या पिटल्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप मीच उघडलं. सगळ्यांच्या आधी माझी लेक आत धावली. गणपतीत पहिली आरतीही मीच केली, दोन्ही काका मागे टाळ्या वाजवत होते, थोरल्यांच्या जरा हळूच.

पण त्या सतरा घरांतलं कोणी बाजारात भेटलं की अजून धस्स होतं. खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही असता, कडेवर लेक असती, तर चावी घेतली असती, की सुपाऱ्या फिरून टाकू दिल्या असत्या?