अक्कांची तगर आणि आमचं कात्री मंडळ

रिटायर झालेल्या माणसांच्या हातात कात्री दिली, की झाडं कमी होतात आणि किस्से वाढतात! देवपुरातल्या आमच्या कॉलनीत एक 'कात्री मंडळ' आहे. रावेरकडचे केळीवाले भाऊ, पाचोऱ्याचे लिंबूवाले नाना आणि बँकेतून सुटलेला मी. झाडांतलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून शिडी धरायचं खातं माझ्याकडे.

मंडळ सुरू झालं ते शेजारच्या अक्कांच्या तगरीमुळे. अक्का मूळच्या साक्रीकडच्या. त्यांनी हौसेने लावलेली तगर बारमाही हिरवी, आणि वाढत वाढत खिडकी गिळून बसलेली. घरात भरदुपारी ट्यूबलाइट! पुण्याहून मुलाने, मुकुंदाने, फोनवरच निकाल दिला, "आई, दिवाळीत येतो, ते झाड मुळासकट काढू आणि पेव्हर ब्लॉक टाकू."

अक्का तडक आमच्या ओट्यावर आल्या. "झाड बी ऱ्हायनं पाहिजे, उजेड बी घरमा उना पाहिजे!"

* * *

पहिल्याच दिवशी घोळ झाला. मी शिडी घेऊन येईपर्यंत भाऊंनी कोयत्याने अर्धी तगर जमिनीसपाट केली होती!

"भाऊ, हे काय?"

"बुडातून कापली की पिलं फुटतात. जन्मभर हेच केलंय."

अक्का धावत बाहेर आल्या. "भाऊ, ही केळ नही शे!"

भाऊंनी कोयता खाली ठेवला, पण हार मानली नाही. "फुटेल हो. माझ्या हातचं अजून काही मेलेलं नाही."

* * *

उरलेली अर्धी नीट कापायची होती. तेव्हा नानांनी युक्ती काढली, की अक्कांनी आत त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसायचं आणि काय आडवं येतंय ते सांगायचं. झालं! अक्का खिडकीतून हुकूम सोडायला लागल्या. "ती फांदी काढा, मले गेट दिसत नही." नाना करवत चालवायचे. "आते ती काढा, रस्ता दिसत नही."

मग पुढचा हुकूमच येईना. मी डोकावून पाहिलं, तर अक्का खिडकीतून रस्त्यावरच्या भाजीवाल्याशी भाव करत होत्या!

* * *

तगरीचा पांढरा चीक लागून माझा नवा शर्ट गेला. घरी बोलणी बसणार म्हणून मी हिरमुसलो, तर भाऊ म्हणाले, "आमच्याकडे ज्याच्या सदऱ्यावर केळीचा डाग नाही, त्याला आम्ही पाहुणा समजतो. आज तुम्ही घरचे झालात!"

तो शर्ट मी अजून मिरवतो. बायको त्याचं पायपुसणं करायला टपलेली आहे.

* * *

छाटणी झाल्यावर नानांनी जाहीर केलं, "आता पाणी बंद. लिंबाला ताण दिला की बहार फुटतो, तसंच हिलाही."

पण भाऊंनी कापलेल्या बुडख्यांतून काहीच फुटेना. अक्का रोज येऊन बोटाने चाचपून बघायच्या. आम्ही वरवर हसत होतो, पण अक्का गेल्या की आम्हीही हळूच चाचपून बघायचो.

एक दिवस संध्याकाळी अक्का बादली घेऊन झाडापाशी सापडल्या. नाना कडाडले, "अक्का! ताण चालू आहे!"

अक्का जागच्या हलल्या नाहीत. "तुम्हना ताण तुम्हनापाशी ठेवा. तिले तहान लागनी व्हती."

पुढे बुडख्यांना तांबूस कोंब फुटले. ते कुणामुळे फुटले, यावर मंडळात अजून भांडण आहे. भाऊ म्हणतात कोयता, नाना म्हणतात ताण, अक्का म्हणतात बादली. शिडीचं नाव कुणीच घेत नाही! पण कॉलनीतली माणसं मुद्दाम थांबून बघायला लागली, तेव्हा आमच्या तिघांच्या माना ताठ झाल्या, हे खरं.

* * *

दिवाळीत मुकुंदा आला. आईच्या खुर्चीत बसून चहा प्यायला. समोर गेट, रस्ता, आणि खिडकीच्या खाली पांढऱ्या फुलांनी भरलेली, आटोपशीर तगर. पेव्हरवाला टेप घेऊन आला होता. मुकुंदाने त्याला फराळाची ताटली दिली आणि मोजायचं राहू दे म्हणून सांगितलं.

मग जरा घुटमळत आमच्याकडे आला. "काका, पुण्यात माझ्या बाल्कनीसमोरपण एक झाड आहे. फार वाढलंय. तुमचं मंडळ येईल का?"

नाना तोंड उघडणार, तेवढ्यात खिडकीतून अक्कांचा आवाज आला.

"आम्हनं मंडळ गावना बाहेर जात नही. तूच झाड उचलीसन आठे लई ये!"