मामांनी पाहिलेले पिक्चर

सिनेमातल्या गाड्यांचे नंबर पिक्चरमामांना तोंडपाठ असायचे. नटनट्यांची नावं ते विसरत, दिग्दर्शक कोण याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसे. पण नायिका पुण्यातून पळाली आणि तिच्या मागे लागलेल्या ट्रकचा नंबर पंजाबचा होता, हे त्यांच्या नजरेतून सुटत नसे. "एवढा खर्च केला, आन् नंबरप्लेट नाई बदलता आली?" असं ते खऱ्या चिडीनं म्हणत. एखाद्या तरी पिक्चरमध्ये आपल्या जिल्ह्याची एमएच-अठ्ठावीस नंबरची गाडी दिसावी, अशी त्यांची फार इच्छा होती.

मामांची पांढरी व्हॅन होती. देऊळगाव राजाहून आम्हा चार शिक्षकांना ते रोज सकाळी साखरखेर्ड्याच्या पुढच्या एका गावी शाळेत न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. दिवसभर शाळेजवळच्या कडुनिंबाखाली गाडी लावून त्यातच आडवे व्हायचे नाहीतर मोबाइलवर पिक्चर पाहायचे. मूळचे जळगाव जामोदचे. बायकोच्या माहेरी येऊन राहिले त्याला वीस वर्षं झाली, पण बोली तिकडचीच राहिली होती. पुढच्या सीटवर त्यांच्या शेजारी सोनवणे सर बसत. ते आमच्यात सर्वांत थोरले, आणि गाडीत बसले की त्यांचं डोकं मोबाइलमध्ये. मधल्या सीटवर वैशाली मॅडम आणि मी, मागे राठोड सर. मला दोन डोक्यांच्या मधून समोरचा रस्ता दिसायचा.

सोमवारची सकाळ मामांची असे. रविवारी त्यांनी दोन पिक्चर पाहिलेले असत आणि सिंदखेड राजा येईपर्यंत त्यांचा निकाल लागलेला असे. त्यांच्याकडे तीनच इयत्ता होत्या: बसून पाहायचा, झोपून पाहायचा आणि उठून जायचा. एका साध्याशा कौटुंबिक पिक्चरबद्दल ते म्हणाले होते, "हा भाकरीवानी हाय. रोज खाता येते, पण कोणी तारीफ करत नाई." आणि ज्याचा महिनाभर गाजावाजा चालला होता त्याच्याबद्दल एवढंच, "पैसा दिसते, माणूस दिसत नाई." शेवट मात्र ते कधीही सांगत नसत. कितीही गळ घाला, "शेवट ज्याचा त्यानं पाहाचा," म्हणून गिअर टाकत.

पिक्चर सरसकट सगळ्यांना सुचवणं त्यांना मान्य नव्हतं. माणूस बघून ते सांगत. सोनवणे सरांना बीपी, म्हणून मारामारीचे पिक्चर त्यांना बंद. माझे वडील गेले त्या महिन्यात सगळीकडे एका पिक्चरची चर्चा होती. मी रविवारी तो पाहणार असं गाडीत म्हणाले, तर मामा आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही नका पाहू ताई. वर्षभरानं पाहा." मी थांबले. वर्षानं पाहिला तेव्हा त्यातली मुलगी बापाला भेटायला निघते आणि उशिरा पोचते, हे कळलं. त्या महिन्यात ते माझ्याच्यानं बघवलं नसतं. घरच्यांना सुचलं नव्हतं ते या माणसाला सुचलं होतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मामांची एक नवीच तक्रार सुरू झाली. आजकाल सगळे पिक्चर अंधारात काढतात. "लाइटचं बिल वाचवून राह्यले का काय," असं ते म्हणायचे आणि आम्ही हसायचो. राठोड सरांनी दुजोराही दिला. हल्ली खरंच काही दिसत नाही, आवाजावरून ओळखावं लागतं म्हणाले. तेव्हा कोणाला काहीच खटकलं नाही. गाड्यांचे नंबर मामांच्या बोलण्यातून कधी गेले, हेही मला नंतर आठवलं.

डिसेंबरात त्यांनी मिठागरात काम करणाऱ्या बहीणभावाचा एक पिक्चर सांगितला. बसून पाहायचा, पोरीनं आवाज लय छान दिलाय, पण सगळा संध्याकाळचा आहे, डोळे दुखले, असं त्यांचं मत. पुढच्या रविवारी दुपारी मुलगी झोपल्यावर मी तो लावला. पहिल्या दहा मिनिटांतच मला मोबाइलचा उजेड कमी करावा लागला. सगळा पिक्चर भर उन्हातला होता. पांढरंशुभ्र मीठ, पांढरं आभाळ, डोळे दिपावेत असा. मी मागेपुढे करून पाहिलं. अख्ख्या पिक्चरमध्ये संध्याकाळ एकदाच होती, तीही दोन मिनिटांची.

मी मोबाइल बाजूला ठेवला. शेजारी माझी चार वर्षांची मुलगी झोपली होती. उद्या सकाळी पावणेनऊला त्याच गाडीत बसायचं आहे, एवढंच डोक्यात येत राहिलं.

सोमवारी मी मुद्दामच विषय काढला. शेवटच्या प्रसंगात कोणी एक शब्द बोलत नाही. बहीण एसटीच्या खिडकीतून बघते आणि बांधावर भाऊ तिनं शिवलेला लाल सदरा घालून उभा असतो. सगळा पिक्चर त्या सदऱ्यावर उभा आहे. मी विचारलं, मामा, शेवटी त्या भावाच्या अंगात काय असतं?

"शेवट सांगाचा नसते, ताई."

मी म्हटलं, मी पाहिलाय, मला सांगायला काय हरकत आहे? मामांनी गिअर बदलला. गरज नसताना बदलला, गाडीनं गचका दिला. मग म्हणाले, पोरीनं आवाज मात्र लय छान दिला. सोनवणे सर मोबाइलमधला कुठलासा विनोद वाचून दाखवू लागले आणि विषय तिथेच राहिला.

त्यानंतर मला सगळंच दिसायला लागलं. झाडांच्या सावलीत गाडी शिरली की मामा वेग एकदम कमी करत. बाजूनं मोटारसायकल आली की दचकत. सकाळी फारसं काही जाणवत नसे, पण शाळा सुटल्यावर निघायला सव्वापाच व्हायचे, आणि डिसेंबरात पुढच्या पाऊण तासात दिवस मावळायचा. तेव्हा मामा स्टिअरिंगवर पुढे झुकत आणि बोलणं बंद करत.

मी कोणाला सांगितलं नाही. माझी खात्री नाही, असं स्वतःला बजावत राहिले. मामांची मुलगी जालन्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि घरात कमावणारे ते एकटेच. एका वाक्यानं ते सगळं बंद पडलं असतं, आणि ते वाक्य माझ्या तोंडून जायला नको होतं. मग मी एक पळवाट काढली. संध्याकाळी रस्त्याबद्दल मोठ्यानं बोलायला लागले. अगबाई, केवढा कापूस भरलाय त्या ट्रॉलीत! ती म्हैस बघा, मधोमध उभी आहे. वैशाली मॅडम मला म्हणाल्या, तुम्ही हल्ली लहान मुलीसारखं खिडकीबाहेर बघता. पण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत गाडीचा वेग उतरलेला असायचा. मामांना ते समजलं होतं. आरशात आमची नजर एकदाही भेटली नाही; ते बघतच नव्हते आरशात. असे पंधरा दिवस आम्ही दोघांनी मिळून ती गाडी चालवली.

सोळाव्या संध्याकाळी सोनवणे सरांनी मागे वळून मला शाळेच्या कसल्याशा माहितीबद्दल विचारलं. मी पर्समधला कागद काढायला खाली वाकले. वर बघितलं तेव्हा समोर ट्रॉली होती. कापसानं दोन्ही बाजूंना फुगलेली, रस्त्यातच उभी, मागे ना दिवा ना इशाऱ्याला बांधलेली फांदी.

"मामा, ट्रॉली!"

गाडी डावीकडे गेली, चाक खडीवर उतरलं, आणि बाभळीच्या अलीकडे आम्ही थांबलो. वैशाली मॅडमचं कपाळ पुढच्या सीटवर आपटून टेंगूळ आलं. बाकी कोणाला काही झालं नाही. काचेला कापसाचे पुंजके चिकटले होते, इतक्या जवळून आम्ही गेलो होतो. सरांनी विचारलं, झोप लागली का मामा? मामा दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून म्हणाले, हो सर, डुलकी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्याच गाडीत बसले. का बसले, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. मधल्या सुट्टीत मात्र डबा न उघडता कडुनिंबाखाली गेले. मामा पुढच्या सीटवर बसले होते. मोबाइल छातीशी धरलेला, पिक्चर चालू, आणि डोळे मिटलेले. ते ऐकत होते. मी दार उघडून शेजारी बसले तसा त्यांनी मोबाइल बंद केला. मी म्हटलं, मामा, तुम्हाला दिसत नाहीये.

त्यांनी नाकारलं नाही. मधोमध दिसते, म्हणाले, बाजूचं सगळं काळं झालं, आन् उजेड गेला की मधलंही जाते. डॉक्टरकडे गेले नव्हते. गेलो तर तो गाडी बंद कर म्हणेल, याची भीती. उन्हाळ्यापर्यंत निभवायचं होतं, पोरीची परीक्षा होईतो. मग त्यांनी विचारलं,

"तुमाले कधीपासून मालूम हाय?"

"पंधरा दिवसांपासून."

ते माझ्याकडे वळले. मान पूर्ण वळवावी लागली त्यांना.

"आन् तरी बसत राह्यल्या? घरी लेकरू हाय ना तुमाले?"

आवाजात राग नव्हता. माझ्यासाठी घाबरलेला आवाज होता तो. शाळेची घंटा झाली तरी आम्ही दोघं तसेच बसून होतो.

संध्याकाळी सगळे गाडीजवळ आले तेव्हा मामा बाहेर उभे होते. त्यांनी किल्ली सोनवणे सरांपुढे धरली. म्हणाले, गाडी आजपासून तुम्ही चालवा सर, मले दिसत नाई. काल डुलकी नव्हती लागली. सरांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते पांढरे पडले आणि मग जे बोलू लागले ते ऐकवत नव्हतं. आमच्या जिवाशी किती दिवस खेळत होता, आमची लेकरंबाळं दिसली नाहीत का, माणूस आहात का कोण. वैशाली मॅडम कपाळावरच्या टेंगळाला हात लावून रडत होत्या. मामा ऐकत राहिले. शेवटी सरांनी विचारलं, आणखी कोणाला माहीत होतं का हे?

"नाई," मामा म्हणाले. "कोणालेच नाई."

मी तिथेच उभी होते. मग मधल्या सीटवर माझ्या जागी जाऊन बसले.

परतीच्या वाटेवर सर गाडी चालवत होते आणि मामा पहिल्यांदाच डावीकडच्या सीटवर बसले होते. वळण आलं की त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा. घरापाशी उतरले आणि दार हळू लावून गेले.

जालन्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली औषधाच्या थेंबांवर राखता येईल. मामांनी व्हॅन विकली. मुलीची परीक्षा होईपर्यंत तिच्या मावशीनं तिला ठेवून घेतलं, आणि मामा-मामी जळगाव जामोदला भावाकडे जायला निघाले. आम्ही तोवर सोनवणे सरांच्या गाडीनं जाऊ-येऊ लागलो होतो. मामांचं नाव गाडीत कोणी काढत नसे. मी पोचवायला जाणार हे सरांना सांगितलं होतं, आणि रविवारी सकाळी ते स्टँडवर माझ्याआधी येऊन उभे होते. चिखलीची एसटी लागली होती. मामांच्या एका हातात पिशवी होती, दुसरा मामींच्या खांद्यावर. सर त्यांच्यापासून चार पावलं लांबच होते.

मग मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं,

"सर, मला पंधरा दिवस आधी माहीत होतं. मामांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं."

मामांनी मान वळवून मला शोधलं आणि हळू आवाजात म्हणाले, "काऊन सांगितलं, ताई? मी तर नव्हतो सांगणार."

म्हणूनच, मी म्हटलं.

कंडक्टरनं बेल दिली. सर पुढे झाले, मामांच्या हातातली पिशवी घेतली, दंडाला धरून त्यांना पायऱ्या चढवल्या आणि खिडकीजवळ बसवून खाली आले. एसटी फाटकातून वळेपर्यंत आम्ही उभे होतो. मामा खिडकीतून हात हलवत होते, पण आम्ही उभे होतो त्या बाजूला नाही.

सरांनी मला त्यांच्या गाडीनं घरी आणलं. माझं दार आलं, मी उतरले, तेव्हा इंजिन चालू ठेवूनच म्हणाले, "उद्यापासून पुढं बसत जा. आणि काही दिसलं, तर तेव्हाच बोलत जा."

मी पुढं बसते.