तारणाची तारीख

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. आई तशी नव्हती. तिच्या जागी मी असते तर चर्चच्या त्या पाळकाला दारातूनच परत धाडलं असतं.

आई मिशनच्या दवाखान्यात आया होती. लग्न होऊन सोलापुरात आली, कामाला लागली, ती साठीला रिटायर झाली. टीबीचा वॉर्ड, त्यात बहुतेक यंत्रमागावर काम करणारी माणसं. त्यांची थुंकीची भांडी धुवायची, पडून पडून पाठीला जखमा झाल्या की पुसायच्या, कुणी मेलं आणि घरचं कुणी आलंच नाही तर अंघोळ घालून धुतलेल्या चादरीत गुंडाळायचं. मागवाल्यांच्या बायका तेलुगू बोलायच्या. आईला तेलुगूतले चारच शब्द येत. त्यातला एक ‘भयपडकु’, भिऊ नको. तो ती मराठी, कानडी, मुसलमान, सगळ्यांनाच ऐकवायची. घरी मात्र यातलं अवाक्षर काढायची नाही. आल्या आल्या न्हाणीत जायची, मग भाकरी थापायला बसायची. मला हे सगळं तिच्याबरोबरच्या नर्सबाईंनी सांगितलं.

शेवटच्या वर्षी तिचं हृदय थकलं. पाय सुजले, दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. तिची इच्छा एकच होती. चर्चला जाता येत नाही, तर घरी प्रभुभोजन मिळावं. येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीची ती भाकर आणि द्राक्षरसाचा तो प्याला घेऊन मगच डोळे मिटावेत, एवढंच. मी पाळकांना फोन केला.

आमचे जुने पाळक बदलून गेले होते. हे नवे, पस्तिशीचे, गोड बोलणारे. त्यांनी उपासनेत साक्ष द्यायची पद्धत सुरू केली होती. उठायचं आणि आपलं तारण, म्हणजे पापातून सुटका, कोणत्या दिवशी झालं ते तारखेसकट सांगायचं. त्याआधी किती दारू प्यायचो, बायकोला कसा मारायचो, तेही सांगायचं. जितका मोठा गुंड तितका मोठा हालेलुया. ज्यानं जन्मात कुणावर हात उगारला नाही त्यानं साक्ष तरी काय द्यावी?

पाळक आले तो आमचा पाण्याचा दिवस. पाच दिवसांनी नळ आला होता, मी मोरीत बादल्या भरत होते. हात पुसत बाहेर आले, तर प्रभुभोजनाच्या प्याल्यांची छोटी पेटी उघडून टीपॉयवर ठेवलेली, आणि ते आईला विचारत होते, “मावशी, तुमचं तारण कधी झालं?”

“बाप्तिस्मा व्हय? ल्हानपणीच झाला की. मोहोळला.”

“बाप्तिस्मा नाही, मावशी. प्रभूला तुम्ही स्वतः कधी स्वीकारलंत? तो दिवस आठवतो का?”

आई गोंधळली. “मला कळाय लागलं तवापासनं मी त्याचीच हाय की.”

“असं नसतं, मावशी. जन्माला तारीख असते, तशी नव्या जन्मालाही असते.”

मग आईनं आपली कामं सांगायला सुरुवात केली. उशीवरून मान उचलून, दम खात. कुणाची पाठ धुतली, कुणाला डब्यातली भाकरी दिली, कुणाला शेवटचं पाणी पाजलं. पोटच्या लेकीलाही कधी न सांगितलेलं ती त्या माणसाला सांगत होती, आणि वर विचारत होती, “एवढं चालंल का?”

पाळक हळूच म्हणाले, “मावशी, कर्मांनी कुणी तरत नाही. कृपेनंच तरतो.” आणि त्यांनी पेटी मिटली. प्रार्थना करा, आठवून ठेवा, पुढच्या आठवड्यात येतो, म्हणाले. चहा पिऊन गेले. तो चहा मीच करून दिला, याचा मला आजही राग येतो.

अहो, हे मला शिकवता? आयुष्यभर संडेस्कूल घेतलंय मी. कृपा फुकट मिळते, न मागता मिळते, लायकी नसताना मिळते, हे शेंबड्या पोरांकडून घोकून घेतलंय. मग फुकटच आहे तर दारात उभं राहून तारखेचा दाखला कसला मागता? आईची कामं चालत नाहीत आणि तारीख पाठ असलेली चालते. तारीख पाठ करणं हे काय कर्म नव्हे? उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्या दिवसापासून आईनं जेवण टाकलं. दोन घास, बास. “माझं काय चुकलं गं?” म्हणायची. दिवसभर छताकडं बघत आठवत पडायची. नाताळ, ईस्टर, एकेक सण काढायची आणि मान हलवायची. “त्यो मला वळखणार न्हाय,” असं एकदा म्हणाली. मरणाला टेकलेल्या किती माणसांची भीती घालवलेली बाई, आणि आता तीच भ्यायली होती. मी तिचे पाय चोळत होते आणि मनात त्या पाळकाला अशा शिव्या घालत होते की माझी संडेस्कूलची पोरं ऐकून पळाली असती.

पाचव्या दिवशी मी खोटं बोलले.

“आई, तू विसरलीस. मी चौथीत होते. झावळ्यांच्या रविवारी चर्चमधनं येताना तू मला म्हणालीस, आज मी प्रभूला सगळं देऊन टाकलं. रडत होतीस तू.”

असलं काही झालं नव्हतं. ईस्टरआधीच्या त्या रविवारी ती बहुतेक ड्युटीवरच असायची. आईनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मी नजर वळवली नाही.

“तू सांगतीस न्हवं, मग असंलच,” ती म्हणाली. आणि दुधात कुस्करून चतकोर भाकरी मागितली.

पाळक आले तेव्हा तिनं स्वतःच तो दिवस सांगितला, लेकीनं आठवण करून दिली असंही म्हणाली. पेटी उघडली. तिला भाकर मिळाली, प्याला मिळाला. त्यानंतर आठव्या दिवशी ती गेली. शांत गेली.

दफनाच्या वेळी पाळक बोलले. तिची दवाखान्यातली सगळी वर्षं त्यांनी एका वाक्यात उरकली. माझं खोटं मात्र पंधरा मिनिटं चाललं. झावळ्या, तो रस्ता, रडणारी तरुण आई, तिच्या हाताला धरलेली चौथीतली मुलगी. बायका डोळे पुसत होत्या. सगळ्यांनी मोठ्यानं आमेन म्हटलं. मी मूठ आवळून उभी होते.

माती लोटून झाली, लोक पांगले, तेव्हा ते माझ्याजवळ आले. “ताई, तुम्ही आठवण करून दिलीत म्हणून. नाहीतर मावशी तशाच गेल्या असत्या.”

“मी आठवण करून दिली नाही,” मी म्हणाले. “मी ते रचून सांगितलं. तसा रविवार कधी झालाच नाही.”

त्यांचा चेहरा पडला. “ताई, हे काय केलंत तुम्ही? म्हणजे मावशींचं तारण...”

“तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला,” मी म्हणाले, “आणि तेवढ्यावर तुम्ही तिला आत घेतलंत. आता जा, आणि बाहेर काढा तिला.”