मागचा डोळा आणि आईंचा जवळा

मला गाडी उत्तम चालवता येते. फक्त पुढे.

मागे न्यायची म्हटली की डावं-उजवं विसरायला होतं, स्टिअरिंग भलतीकडेच फिरतं आणि गाडी कुंपणाच्या गळ्यात पडते. आणि आमच्या घरी गाडी मागेच न्यावी लागते! काशीदच्या अलीकडे आमचा कोळीवाडा, त्यात एक चिंचोळी गल्ली आणि तिच्या टोकाला आमचं अंगण. वळायला जागा नाही. त्यातलंही अर्धं अंगण सासूबाईंच्या ताब्यात. जमिनीवर जुनं जाळं अंथरून त्यावर वाळत घातलेला जवळा (ही इवलीशी कोळंबी), आणि त्याच्या मागे आडव्या बांबूंवर लटकलेले बोंबील.

गाडी बुक केली त्याच दिवशी आईंनी अट घातली.

"माज्या जवल्याव चाक गेला ना, तं त्या दिसापासना गारी नाक्याव, नारलाखाली!"

नाक्यावरच्या त्या माडाने आजवर एका रिक्षाचा टप फोडलाय आणि सरपंचांच्या मोटरसायकलचा आरसा. तिथे माझी पहिलीवहिली, माझ्या पगारातून घेतलेली नवीकोरी गाडी उभी करायची?

"सेन्सर बसवू," माझा नवरा विलास म्हणाला. "टिं टिं वाजलं की थांबायचं. तुला काही बघायलाच नको."

"म्हणजे मला बघता येत नाही?"

"तसं नाही गं..."

"कॅमेरा! मला सगळं स्क्रीनवर दिसलं पाहिजे."

"अगं, तू स्क्रीन बघशील की आरसा?"

"तू टीव्ही बघत जेवतोस, तेव्हा घास नाकात जातो का?"

हे भांडण आम्ही अलिबागच्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत पूर्ण केलं. शेवटी दुकानदारच कंटाळला. "मॅडम, जमिनीवर सपाट पसरलेलं काही असेल, तर सेन्सर गप्प बसतो. त्याला ते कळतच नाही."

सपाट पसरलेलं! जवळा! मी विलासकडे असं काही पाहिलं की त्याने निमूट कॅमेऱ्याला होकार दिला. घरी येईपर्यंत मात्र कुरकुर चालूच. "पण मागे कुणीतरी ओरडणारं हवंच."

ते सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी ऐकलं. "मी हाय ना! अख्खा जल्म होरी किनाऱ्याला लावन्यात गेला माजा. तुजी गारी ती केवरीशी!"

कॅमेरा बसवून गाडी आली. आईंनी गल्लीच्या तोंडाशी तिची पूजा मांडली, अगदी नारळी पौर्णिमेला होडीची करतात तशी साग्रसंगीत. मला कुठलं राहवतंय! मी त्यांना हाताला धरून गाडीच्या मागे नेलं. "आई, हा बघा गाडीचा मागचा डोळा. तुमचा जवळा हाच वाचवणार!"

आईंचे डोळे भरून आले. त्यांनी कॅमेऱ्याला हात जोडले. मी पेढे वाटायला निघून गेले.

मग मी गाडीत बसले, रिव्हर्स टाकला आणि स्क्रीन लालभडक झाली.

"विलास, सगळं लाल दिसतंय!"

"लाल म्हणजे धोका!" पेढ्यांचा पुडा घेऊन बाजूने चालणारा विलास ओरडला. "यंत्र घाबरलंय तुला!"

मी ओढणीने स्क्रीन खसाखसा पुसली. आता लाल रंग अधिक स्वच्छ दिसायला लागला. जाऊ दे म्हटलं, आबा आहेतच.

"येव दे... येव दे... येव दे... थांब!"

मी करकचून ब्रेक दाबला. आबा वाट बघत राहिले. मीही वाट बघत राहिले.

"का गो, येत का न्हाय?"

"तुम्हीच थांब म्हणालात ना, आबा!"

"मंग? आता ती आपसूक सरकत येल ना!"

माझं माहेर तळा गावचं, डोंगरातलं. होडी मी लग्नानंतर जवळून पाहिली. तिला ब्रेक नसतो आणि इंजिन बंद केलं तरी ती घसरत पुढे येते, म्हणून आबा जन्मभर आधीच ओरडत आलेत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. पण मी हुशार! मनात हिशेब पक्का केला : 'थांब' ऐकलं की अजून गाडीभर जायचं, मग थांबायचं. विजेच्या खांबापाशी हे इतकं झकास जमलं की आबा खूश होऊन म्हणाले, "झाली गो तू तांडेल!" थेट होडीच्या कप्तानाचा मान!

त्या आनंदात विलासने त्यांच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला.

इकडे गाडी अंगणात शिरत होती. आबांचं तोंड बंद. तेवढ्यात आई ओटीवर आल्या आणि चाक जवळ्याच्या अगदी कडेला बघून जिवाच्या आकांताने किंचाळल्या, "थांब!"

मी शहाण्या विद्यार्थिनीसारखी अजून गाडीभर गेले.

आधी चाकांखाली पापड चुरल्यासारखा आवाज आला. मग धाडकन बांबू कोसळले आणि टपावर बोंबलांचा पाऊस पडला. स्क्रीन अजून लालच होती!

"थांब म्हटला ना मी?" आई धावत अंगणात उतरल्या.

"म्हणून तर आले!" मी म्हणाले.

तेवढ्यात विलासने मागून हाक मारली. कॅमेऱ्यावर हळदीकुंकवाचा जाडजूड थर होता, त्यावर अक्षताही चिकटलेल्या.

"आई, हे काय?"

"तोच जवला वाचवनार व्हता ना? मंग त्यालाच जास्ती लावला!"

आईंचा चुरलेला जवळा बघून मला खरंच रडू आलं. आपली शिक्षा आपणच भोगावी, म्हणून गाडी नाक्यावर न्यायला मी चावी फिरवली.

"हलवू नको!" आईंनी तापलेल्या टपावर हात ठेवला. एक बोंबील उलटला, दाबून बघितला. "बांबू बांदीपरत ऱ्हाव दे. हिच्याव लवकर सुकतान."

बांबू अजून बांधलेले नाहीत. गाडी अंगणात आहे, तोंड रस्त्याकडे, म्हणजे नुसती पुढेच न्यायची आहे! पण टपावर बोंबील, खाली वाड्यातली समस्त मांजरं, आणि ओटीवर पहाऱ्याला आई. त्यामुळे मी रोज एसटीने कामाला जाते.

एसटीचा थांबा नाक्यावरच आहे. नारळाखाली आता मी उभी असते.