पोस्टरवरची मेलेली बाई

म्युझियममध्ये काम करणाऱ्याकडे कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. अरे यार, जुन्या वस्तूंपेक्षा किस्सेच जास्त साठतात तिथे! फक्त त्या वर्षीचे आठवले की हसू येत नाही, डोकं तापतं.

मी नागपूरचा. मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या म्युझियममध्ये फाटके कागद दुरुस्त करायचो. १९९१ मध्ये आखाती युद्ध पेटलं आणि आमच्या क्युरेटरने, लिंडाने, पहिल्या महायुद्धातल्या भरतीच्या पोस्टर्सचं प्रदर्शन लावलं. बहुतेकांची तऱ्हा एकच. शत्रूने प्रवासी जहाज बुडवलं, नाहीतर गावावर तोफा डागल्या. चित्रात मेलेली बाई, कुशीत बाळ. आणि खाली ठळक अक्षरांत : सैन्यात भरती व्हा!

* * *

लेबल मी लिहिलं : ‘ही माणसं मेली. त्यांचं चित्र छापू का, असं त्यांच्या घरी कुणी विचारलं होतं?’

लिंडा म्हणाली, “मिलिंद, फार अँग्री वाटतंय. इथे फॅमिलीज येतात.”

“पोस्टरमध्येही फॅमिलीच आहे!”

लेबल कॅन्सल झालं.

* * *

गिफ्ट शॉपने तेच चित्र कॉफीच्या मगवर छापलं. एका बाईंनी तो मग फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं, “डिशवॉशरमध्ये चालेल ना? बाळाचा चेहरा जायला नको!”

मी तिथून निघालो. थांबलो असतो तर तो मग माझ्या हातून फुटला असता!

* * *

माझी सुजाता तेव्हा तिसरीत. तिला प्रदर्शन दाखवायला नेलं. मेलेल्या बाईच्या शेजारच्या पोस्टरवर बंदूक घेतलेला रुबाबदार शिपाई. ती म्हणाली, “बाबा, द मॉम इज डेड. हाऊ कम द सोल्जर इज सो क्लीन?”

मी लिंडाला म्हटलं, “लेबल हिच्याकडूनच लिहून घे!”

* * *

एकदा हायस्कूलचा वर्ग आला, सोबत युनिफॉर्ममधला भरती अधिकारी. त्या मेलेल्या बाईकडे बोट दाखवून तो म्हणाला, “उद्या तुमच्या गावावर असा हल्ला झाला, तर घरी बसाल?”

“नो, सर!” पोरं ओरडली.

माहिती सांगायला आमच्या वॉलंटियर ॲनाबाई होत्या. साठी उलटलेल्या, लहानपण दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनीत गेलेलं. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. त्या पोरांच्या पुढे आल्या.

“असंच पोस्टर आमच्या शाळेच्या भिंतीवर लागलं होतं. अशीच बाई, असंच बाळ. माझा भाऊ ते बघून भरती झाला. परत आला नाही.”

अधिकाऱ्याने टोपी काढली. “आय ॲम सॉरी, मॅम. कुठल्या राक्षसांचं काम होतं ते?”

ॲनाबाईंनी त्याच्या युनिफॉर्मकडे पाहिलं.

“पोस्टरवर विमान काढलं होतं,” त्या म्हणाल्या. “तुमचं.”