डोळे ठरेनात तेव्हा

डॉक्टरांनी पेन माझ्या डोळ्यांसमोर धरलं आणि हळूहळू उजवीकडे नेलं. "मान हलवू नका. फक्त नजर." पेन एका जागी थांबलं, पण माझी बुबुळं थांबेनात. ती झटके देत राहिली. डावीकडेही तेच.

"याला निस्टॅगमस म्हणतात," जव्हारचे ते डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. "आपल्या इच्छेविना बुबुळं हलत राहणं. काहींना जन्मापासून असतं. तुम्हाला आत्ता सुरू झालंय, म्हणून कारण शोधायला हवं. कानामुळे होतं, औषधांमुळे होतं, मेंदूत गाठ असली तरी होतं. क्षयाच्या गोळ्यांशिवाय आणखी काही घेता?"

शेजारी सासूबाई बसल्या होत्या. मी म्हणाले, "नाही."

ते खोटं होतं.

सोळाव्या वर्षी मला फिट्स येऊ लागल्या होत्या. फेनिटॉइन नावाच्या गोळीने त्या थांबल्या. लग्न ठरलं तेव्हा वडील म्हणाले, "सासरी बोलू नकोस." चार वर्षं मी त्या गोळ्या शिकेकाईच्या डब्यात ठेवत होते. नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

मी खोडाळ्याजवळच्या शाळेत शिकवत असे. त्या हिवाळ्यात खोकला हटेना. तपासणीत क्षय निघाला, औषधं सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात फळ्यावरची अक्षरं डुलू लागली. वाचताना ओळ निसटे. मग तोल जाऊ लागला, जीभ जड झाली. पहिलीतली एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, "बाई, तुमचे डोळे नाचतात." शाळेबाहेर कुणीतरी हळूच म्हणालं, "बाई पिऊन येती का काय?"

जव्हारहून नाशिकला मेंदूच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. माझे यजमान ग्रामसेवक. त्यांना रजा मिळाली नाही. सासूबाई आल्या. एसटीत डोळे उघडले की झाडं वरखाली होत, म्हणून मी ते मिटूनच बसले. त्यांनी माझा हात घाटभर सोडला नाही.

सीटी स्कॅन झाला. मेंदूचे थराथराने काढलेले फोटो. निकालासाठी बाकावर बसलो. तिथे माझ्या मनात जे आलं ते आजही सांगायला जड जातं: गाठ निघाली तर बरं, गोळीचं सांगावं लागणार नाही.

गाठ नव्हती.

"आठवून सांगा," डॉक्टर म्हणाले. "एखादी जुनी गोळी? झोपेची, फिटची?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

"फिटची, फेनिटॉइन," मी म्हणाले. "लग्नाच्या आधीपासून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "क्षयावरची आयसोनियाझिड ही गोळी फेनिटॉइनला शरीरातून जाऊ देत नाही. ते साठत गेलं. डोळे, तोल, जीभ, सगळं त्यानेच."

"मग फिटची बंद करते."

"मुळीच नाही! एकदम सोडली तर लागोपाठ फिट्स येतील, जीवावर बेतेल. क्षयाचीही सोडायची नाही. रक्त तपासू, मात्रा आम्ही ठरवू."

मला दाखल करून घेतलं. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "चार वर्सं?"

"हो, आई."

त्या उठून बाहेर गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मला वाटलं, घरी निघून गेल्या. मग चहाचा पेला घेऊन आल्या. "गाठ नाय ना, मंग पी. पर मला परकी समजलीस, बाय."

मी रडले. त्या नाही.

रक्तात फेनिटॉइन फार वाढलेलं निघालं. मात्रा कमी केल्यावर चारपाच दिवसांत तोल सावरला. डोळे स्थिर व्हायला आणखी वेळ लागला. नजर कडेला नेली की झटके वाढत, म्हणून नर्सने पूर्ण मान वळवून बघायला शिकवलं. वाचताना ओळीखाली पट्टी धरायची. अंघोळ बसून. विहिरीवर एकटीने जायचं नाही. तुमच्यापैकी कुणाला असं काही झालंच, तर हे उपाय उपयोगी पडतील. पण आधी कारण शोधा, आणि गोळी आपल्या मनाने ना सोडा, ना वाढवा.

घरी आल्यावर मी यजमानांनाही सगळं सांगितलं; ते आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. मग एके सकाळी त्यांनी माझ्या गोळ्या खिडकीत, सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवल्या. त्यावरून आम्ही कधी भांडलो नाही.

क्षयाचा कोर्स संपत आला तेव्हा तपासणीला जव्हारला गेलो. नव्या डॉक्टरांनी कागद मागितले. मी पिशवी उघडेपर्यंत सासूबाई भरल्या खोलीत, बाकावरच्या सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, आधी लिवा. माझ्या सुनेला फिटा येतात. गोळी घेती. मास्तरीण हाय."

बायांनी वळून पाहिलं. मी मान खाली घातली नाही.