सात नंबरचं ठाणं

नीला सेलूकर कुवेतमध्ये बावीस वर्षं राहिली, त्यातली शेवटची चार एकटी. नवरा सुभाष एका बांधकाम कंपनीत अकाउंटंट होता. एका सकाळी ऑफिसला जायला बूट घालायला म्हणून खाली बसला, तो उठलाच नाही. मुलगा अर्णव टोरंटोत. शुक्रवारी फोन करतो, आईनं मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देतो आणि ‘टेक केअर, आई’ म्हणून ठेवून देतो. लोक म्हणाले, आता परभणीला परत जा. अहो, जाऊन करायचं काय? तिथं कोण बसलंय हिची वाट बघत? इथं निदान नोकरी होती, स्वतःच्या नावावर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना होता. राहिली बाई.

नोकरी मात्र अजबच. कुवेत शहरातल्या मिरकाब भागात, एका जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, काही शेजारी देशांनी मिळून चालवलेली कचेरी आहे. दूरच्या एका डोंगराळ मुलखात दोन पक्ष वर्षानुवर्षं लढले, दमले आणि शस्त्रसंधीवर सह्या करून बसले. ती पाळली जाते का, हे बघायचं काम या कचेरीचं. बघायचं म्हणजे ऐकायचं! सीमेवरच्या तेरा गावांत तेरा ठाणी, प्रत्येक ठाण्यावर एक निरीक्षक. रोज सकाळी नऊपासून नीलानं एकेकाला फोन लावायचा आणि अरबीत तीन प्रश्न विचारायचे. गोळीबार झाला का? किती झाला? कुणाला लागलं का? उत्तर लिहायचं, पुढचा नंबर लावायचा. बाराच्या ठोक्याला अहवाल दोन्ही पक्षांना जातो, ठाण्याच्या नंबरासकट, जसाच्या तसा. चौथा प्रश्न विचारायचा नाही, हा नियम. जिव्हाळा आला की तटस्थपणा गेला, असं साहेब लोकांचं म्हणणं. नीला नाकासमोर चालणारी. चार वर्षांत तिनं चौथा प्रश्न तोंडातून काढला नव्हता.

पण समोरच्यानं विचारलं तर? सात नंबरचा यूसुफ म्हातारा होता. तरुणपणी इथंच कुवेतमध्ये, सुलैबियात गोदामांवर ट्रक चालवायचा आणि हिंदी शिकला तो तिथल्या आपल्याकडच्या ड्रायव्हरांकडून, हे त्यानंच एकदा सांगून टाकलं होतं. रोजचा अहवाल अरबीत देऊन झाला की तो हळूच हिंदीत विचारायचा, “बहनजी, नाश्ता किया?” नीला “शुक्रिया” एवढंच म्हणायची आणि फोन ठेवायची. खरं सांगायचं तर त्या एका वाक्यासाठी ती सकाळी पोहे करून खाऊन निघायची. नाहीतर खोटं बोलल्यासारखं वाटायचं तिला. अख्ख्या दिवसात तिनं खाल्लं की नाही हे विचारणारं दुसरं माणूस जगात नव्हतं.

एका मंगळवारी सात नंबर लागला. “गोळीबार झाला का?” “नाही,” यूसुफ म्हणाला. आणि त्याच्या आवाजामागं धडाधड गोळ्या वाजल्या. नीला दचकली. “किती?” “शून्य.” पुन्हा गोळ्या. “कुणाला लागलं?” “कुणाला नाही.” आणि फोन बंद. बहनजी नाही, नाश्ता नाही, काही नाही.

कुणीतरी त्याच्या पाठीला बंदूक लावून बोलायला लावलंय, दुसरं काय असणार! आता लिहायचं काय? गोळ्या ऐकल्या असं लिहावं, तर दुपारी अहवाल त्या बंदूकवाल्याच्याच हातात पडणार आणि म्हातारा जिवानिशी जाणार. शून्य लिहावं, तर बुधवारी औषधांच्या गाड्या त्याच गावात निघायच्या होत्या. ड्रायव्हर बिचारे थेट गोळ्यांच्या तोंडी. इकडे आड, तिकडे विहीर. बाईनं मग आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. लिहिलं : ‘फोन मध्येच तुटला. अहवाल अपूर्ण.’ अपूर्ण अहवालाच्या गावाला गाड्या जात नाहीत. गाड्या वाचल्या, यूसुफही वाचला, असा तिचा हिशेब.

बुधवारी सात नंबर लागला नाही. गुरुवारीही नाही. नीलाचा जीव टांगणीला लागला. तिच्यावरचा अधिकारी मुबीन, रत्नागिरीकडचा, माणूस सज्जन. ती त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

“मुबीन, सात नंबर जिवंत आहे का, एवढं कुणाला तरी विचारा हो.”

“नीलाताई, तसं विचारायची पद्धत नाय आपल्याकडं,” तो म्हणाला. “पण फोन का तुटला ते शोधायला गावात गाडी पाठवलीय. तुमचं रेकॉर्डिंगपण ऐकतील.”

रेकॉर्डिंग! ते बाईच्या ध्यानातच नव्हतं. शुक्रवार-शनिवार सुट्टीचे दोन दिवस तिनं घरात येरझारा घालत काढले. अर्णवचा फोन आला तेव्हा सांगावंसं वाटलं, पण सांगणार कुठून सुरुवात करून? त्याला तर आई ‘कॉल सेंटरसारखं काहीतरी’ करते, एवढंच ठाऊक.

रविवारी मुबीननं तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. बंदूक कुणी लावली नव्हती. यूसुफच्या घरी लग्न होतं, त्याच्याच मुलीचं! त्या मुलखात वरात आली की हवेत गोळ्या झाडतात. त्यासाठी अहवालात वेगळा रकाना आहे, कारण पहिल्याच वर्षी एका लग्नावरून पुन्हा लढाई पेटता पेटता राहिली होती. यूसुफनं व्याह्यांना हात जोडून सांगितलं होतं, मी निरीक्षक आहे, माझ्या दारात गोळी नको. वऱ्हाडी कुणाचे ऐकतात? त्यांनी झाडल्याच. म्हाताऱ्याला लाज वाटली. स्वतःच्याच दारातला गोळीबार स्वतःच्याच तोंडानं कसा सांगायचा? शून्य म्हणाला आणि फोन ठेवला. मग दोन दिवस लेकीला पोचवायला डोंगरापलीकडं गेला.

“आणि गाड्या?” नीलानं विचारलं.

“चार दिवस उन्हात उभ्या होत्या, ताई. इन्शुलिन सगळं वाया गेलं. गावातल्या आजाऱ्यांना खेचरांवरून खाली आणावं लागलं.”

नीलाला रडू फुटलं. आधी म्हातारा सुखरूप आहे म्हणून, मग त्या आजाऱ्यांसाठी, आणि मग स्वतःचा भयंकर राग येऊन. लढाई ऐकायला बसवलेली बाई, आणि तिला लग्न ओळखू आलं नाही! कसं येणार? चार वर्षं तो माणूस रोज तिची विचारपूस करत होता आणि त्याला मूलबाळ आहे का, हेसुद्धा तिनं कधी विचारलं नव्हतं. नियम होता, हे खरं. पण तिला तो नियम सोयीचाही वाटायचा, हे तिला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

नीला आणि यूसुफ, दोघांनाही लेखी ताकीद मिळाली. सोमवारी तिनं सात नंबरला दुरुस्ती वाचून दाखवायची आणि त्यानं मान्य म्हणायचं, एवढंच ठरलं. मुबीन शेजारी बसला, फोन तोडायच्या बटणावर बोट ठेवून.

नीलानं दुरुस्ती वाचली. “मान्य,” यूसुफ म्हणाला. त्याचा आवाज खोल गेलेला. नाश्त्याचं विचारलं नाही.

“यूसुफभाई,” नीला हिंदीत म्हणाली, “बिटिया का नाम क्या है?”

मुबीननं चमकून पाहिलं. मग म्हातारा बोलायला लागला. ताहिरा, सगळ्यांत धाकटी. शाळेत शिकवते. निघताना रडली नाही, मीच रडलो. आई नाही हो तिला. घर आता खायला उठतं, बहनजी, काल दोन माणसांचा भात शिजवला आणि कळलंच नाही कुणासाठी. नीलानं सुभाषचं सांगितलं, बुटांचंसुद्धा. ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मुबीननं बोट कधी काढून घेतलं, तिला कळलं नाही. अकरा मिनिटं झाली होती.

अर्थात तेही सगळं रेकॉर्ड झालं. आ बैल मुझे मार, दुसरं काय! नोकरी राहिली, फोन गेला. तिला जुने अहवाल लावायच्या कामावर बसवलं, त्याच खोलीत, कपाटाशेजारी. फोनवर अंतरा नावाची नवी मुलगी आली, चुणचुणीत, अरबी फर्डी.

मंगळवारी नऊ वाजता अंतरानं फोन लावायला घेतले. नीला हातातला कागद तसाच धरून ऐकत राहिली. सात नंबर लागला. अंतरानं तीन प्रश्न विचारले, उत्तरं लिहिली, मग क्षणभर थांबून म्हणाली, “सॉरी सर, आधीच्या मॅडम कुठं आहेत ते मला सांगता येणार नाही,” आणि आठ नंबर लावला.